बीड जिल्ह्यातील गायींची मरतूक : एक आर्थिक-ऐतिहासिक विवेचन

१. विषयप्रवेश

मराठवाड्याच्या आर्थिक इतिहासात दुष्काळ, सावकारी, जमीनधारणा आणि स्थलांतर ह्या विषयांचे विवेचन पुष्कळ झाले आहे. जनावरांच्या मृत्यूचा उल्लेख मात्र त्यात बहुधा हानीच्या यादीतील एक ओळ म्हणूनच येतो. जनावरे मेली, असे सांगून इतिहासकार पुढे जातो. कोणती जनावरे मेली, कोणत्या वयात मेली, त्या मृत्यूचा खर्च कोणी सोसला आणि तो मृत्यू टळला असता तर कुटुंबाच्या अर्थव्यवहारात काय फरक पडला असता, हे प्रश्न मागे राहतात.

बीड जिल्हा ह्या प्रश्नांच्या अभ्यासाला विशेष अनुकूल आहे. पर्जन्यछायेतील कोरडवाहू शेती, साथी आणि दुष्काळ ह्यांचे आवर्तन, बैलावर उभी असलेली जुनी कृषिव्यवस्था, अलीकडच्या अर्धशतकात वाढलेला दूधधंदा आणि ऊसतोडणीसाठी दरवर्षी होणारे स्थलांतर ह्या सर्व गोष्टी येथे एकत्र आढळतात. प्रस्तुत विवेचनात असे दाखविण्याचा प्रयत्न आहे की, गायींची मरतूक कमी होण्याचा लाभ केवळ वाचलेल्या दुधात मोजणे अपुरे ठरते. त्याचा मोठा भाग वाचलेल्या वैरणीत, टळलेल्या कर्जात आणि शेतकऱ्याला मिळणाऱ्या निवडीच्या स्वातंत्र्यात असतो.

२. भूमी, वैरण आणि गोधन

जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि मधून बालाघाटाची डोंगररांग जाते. गोदाकाठच्या गेवराई व माजलगाव तालुक्यांची जमीन काळी व खोल आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार ह्या भागांत ती हलकी व मुरमाड होत जाते. मांजरा नदीचा उगम पाटोदा तालुक्यातच होतो. पावसाची वार्षिक सरासरी सातशे मिलिमीटरच्या आत असून त्याची वाटणी बेभरवशाची असते.

अशा प्रदेशात गोधनाचा खरा आधार ज्वारीचा कडबा हा होता. धान्य माणसाला व कडबा जनावराला, ही वाटणी ज्वारीच्या एकाच ताटातून होत असे. म्हणून ज्वारी बुडाली की अन्न व वैरण ह्यांची टंचाई एकदमच येई. गायरानातील गवत पावसाळ्यानंतर तीनचार महिने पुरत असे. उन्हाळ्याची भिस्त कडब्याच्या गंजीवरच राही. पुढे कापूस आणि नंतर सोयाबीन ह्यांचे क्षेत्र वाढले तेव्हा शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा अधिक आला. तथापि, ह्या पिकांपासून कडब्याची जागा घेईल अशी वैरण मिळत नाही, हा त्या बदलाचा कमी चर्चिला गेलेला परिणाम होय.

जिल्ह्याच्या पूर्व व दक्षिण भागांत लाल कंधारी आणि देवणी, तर पश्चिमेकडे खिल्लार ह्या जातींचा प्रभाव दिसून येतो. ह्यांपैकी देवणी दूध व शेतकाम अशा दोन्ही उपयोगांची. लाल कंधारी व खिल्लार ह्यांची ख्याती मुख्यतः बैलांसाठी. त्यामुळे जुन्या व्यवस्थेत गायीचे आर्थिक स्थान बैलाची माता असे होते. दावणीवरची चांगली वैरण, सरकी व पेंड ह्यांवर पहिला हक्क कामाच्या बैलाचा; गाय गायरानात चरून येई आणि उरलेसुरले खाई. टंचाईच्या वर्षी ह्या अग्रक्रमाचा परिणाम उघड होता. बैल जगवला जाई; भाकड गाय, गाभण कालवड आणि वासरू ह्यांच्या वाट्याला उपासमार येई.

वासराच्या मृत्यूला आणखी एक आर्थिक अर्थ होता. देशी गाय बहुधा वासरू पाजल्याखेरीज पान्हा सोडत नाही. वासरू मेले की गाय जिवंत असूनही दूध आटे. मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गायीपुढे ठेवण्याची जुनी रीत ह्या अडचणीतूनच निघाली. एका वासराच्या मृत्यूने पुढचा बैल किंवा पुढची गाय जाई आणि चालू वेताचे दूधही जाई, असा हा दुहेरी तोटा होता.

३. साथीचा काळ

एकोणिसाव्या शतकात गुरांच्या मृत्यूचे सर्वांत भयंकर कारण बुळकांड्या हा रोग होता. रोगप्रतिकार नसलेल्या कळपात ह्या साथीने शंभरातील नव्वदपर्यंत जनावरे दगावू शकत. भारतीय देशी गोवंशात हे प्रमाण त्याहून कमी असले, तरी एका हंगामात गावाची नांगरट बंद पडण्याइतके ते निश्चित असे. घटसर्प आणि फऱ्या हे पावसाळ्यातील नेहमीचे रोग वेगळेच.

१८७१ साली भारतीय गुरांच्या साथींविषयीच्या आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. जे. एच. बी. हॅलन हे ह्या आयोगाचे प्रमुख होते. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले आणि १८८९ मध्ये पुणे येथे शाही जंतुशास्त्रीय प्रयोगशाळेची स्थापना झाली. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख होते. ही प्रयोगशाळा १८९३ मध्ये कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तेथेच विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जे. टी. एडवर्ड्स ह्यांनी शेळीच्या शरीरातून संक्रमित केलेल्या विषाणूंपासून बुळकांड्यावरील लस सिद्ध केली. ती स्वस्त होती आणि दीर्घकाळ संरक्षण देणारी होती.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. साथीला मात्र संस्थानी व ब्रिटिश मुलखाची सीमा ठाऊक नव्हती. ओझ्याचे बैल, जत्रा आणि आठवडी बाजार ह्यांच्या वाटांनीच रोग पसरत असे. म्हणून एका जिल्ह्याने किंवा एका संस्थानाने करावयाचा हा उपाय नव्हताच. १९५४ मध्ये देशव्यापी बुळकांड्या निर्मूलनाचे कार्य हाती घेण्यात आले. भारतातील शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये नोंदला गेला, २००६ मध्ये देशाला ह्या रोगापासून मुक्ततेची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि २०११ मध्ये सारे जग बुळकांड्यामुक्त घोषित झाले. मानवी इतिहासात देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग होय.

ह्या यशाचा आर्थिक अर्थ मेलेल्या जनावरांची किंमत वाचली एवढ्यापुरता मर्यादित नाही. ज्या गोठ्यात एका साथीने सर्व जनावरे जाण्याची भीती असते, तेथे शहाणा शेतकरी थोडी महाग जनावरे ठेवण्याऐवजी पुष्कळ स्वस्त जनावरे ठेवतो. जोखीम वाटून घेण्याचा तो एकच मार्ग त्याला उपलब्ध असतो. साथीची भीती ओसरल्यावरच एका गायीत मोठी रक्कम गुंतविणे व्यवहार्य ठरते. पुढील काळातील संकरित गायींचा प्रसार ह्या अदृश्य पायावर उभा आहे.

४. दुष्काळ आणि बाजार

साथीचा मृत्यू रोगातून येतो. दुष्काळाचा मृत्यू बाजारातूनही येतो. १८९९-१९०० च्या दुष्काळाचा आघात जिल्ह्यावर किती तीव्र होता, हे जनगणनेवरून दिसते. १८९१ मध्ये सुमारे ६ लाख ४० हजार असलेली तत्कालीन जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे ४ लाख ९२ हजारांवर आली. माणसांची ही स्थिती असताना गोधनाची काय झाली असेल, ह्याचे अनुमान करता येते. १९७२-७३ च्या दुष्काळात सरकारी कामांमुळे माणसांचे भूकबळी मोठ्या प्रमाणात टळले. रोजगार हमी योजनेचा १९७७ चा कायदा ही त्या अनुभवाची फलश्रुती होय. गुरांच्या बाबतीत मात्र तशी हमी निर्माण झाली नाही.

दुष्काळात जनावरांच्या किमतीचे चक्र ठरलेले असते. वैरण महागते, सर्वजण एकाच वेळी जनावरे विकावयास काढतात, आणि नेकनूर किंवा हिरापूर ह्यांसारख्या बाजारांत भाव कोसळतात. पाऊस पडताच सर्वांना एकाच वेळी जनावरे हवी असतात आणि भाव चढतात. स्वस्तात विकणे व महागात घेणे हा व्यवहार गरीब शेतकऱ्याच्याच वाट्याला येतो, कारण कडब्याची गंजी टिकवून धरण्याची ऐपत त्याच्यापाशी नसते. ज्याचे जनावर विकण्यापूर्वीच मेले, त्याला कोसळलेला भावही मिळत नाही. नवे जनावर घेण्यासाठी त्याला सबंध रक्कम कर्जाने काढावी लागते. दुष्काळानंतर वाढणाऱ्या कर्जाचा एक भाग हा मृत जनावरांच्या पुनर्भरणाचा असतो. कर्जविषयक विवेचनात तो वेगळा करून पाहिला जात नाही.

अलीकडील काळात जनावरांच्या छावण्या हा शासनाचा मुख्य उपाय राहिला. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ ह्या टंचाईच्या वर्षांत छावण्या उघडण्यात आल्या. २०१९ मध्ये एकट्या बीड जिल्ह्यात त्यांची संख्या शेकड्यांत होती. त्या वर्षाच्या आरंभी मोठ्या जनावरामागे रोज ७० रुपये व लहान जनावरामागे ३५ रुपये असलेले अनुदान मे महिन्यापर्यंत अनुक्रमे १०० व ५० रुपयांवर नेण्यात आले. छावण्यांच्या व्यवस्थेविषयी तक्रारी झाल्या आणि त्यांपैकी काहींची चौकशीही झाली. तथापि, आर्थिक दृष्ट्या छावणीकडे धर्मादाय म्हणून पाहणे योग्य नव्हे. ९० दिवस एक गाय जगविण्याचे अनुदान वरील वाढीव दराने ९,००० रुपये होते. २०२२ मध्ये साथीत दगावलेल्या दुभत्या गायीसाठी ठरविलेले साहाय्य ३०,००० रुपये होते. हे दोन आकडे भिन्न वर्षांचे व भिन्न प्रयोजनांचे आहेत. तरीही शासनाच्या स्वतःच्या हिशेबाने एका मृत गायीच्या साहाय्यात जिवंत गायीचे ३०० दिवस भागतात, हे प्रमाण बोलके आहे.

५. मृत जनावराचा भार

गाय मेल्यावर तिचा खर्च संपत नसे, तो दुसऱ्याच्या अंगावर जाई. बलुतेदारीच्या व्यवस्थेत मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम जन्माने ठरलेल्या जातींवर लादलेले होते. त्याचा मोबदला मृत जनावराच्या शरीरातच, म्हणजे कातड्यात व मांसात, मानला गेला होता. गोधनाचा मालक शेतकरी आणि गोधनाच्या मृत्यूची विल्हेवाट लावणारा अस्पृश्य, अशी ही विभागणी होती. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले. त्या चळवळीचे सामाजिक महत्त्व सर्वमान्य आहे. तिने एक आर्थिक सत्यही उघडे केले : मृत जनावराची विल्हेवाट हा खर्च आहे आणि तो पूर्वी सक्तीच्या श्रमात लपलेला होता. आज खड्डा खणणे, वाहन करणे आणि रोग पसरू न देता शव पुरणे ह्याची किंमत मालकाला किंवा ग्रामपंचायतीला मोजावी लागते. मरतुकीच्या हिशेबात ही रक्कम धरलीच पाहिजे.

६. संख्येचा प्रश्न

ह्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. वैरण मर्यादित असताना जनावरे मरण्याचे थांबले तर त्यांची संख्या वाढेल आणि सर्वच अर्धपोटी राहतील. मग मरतूक कमी करण्यात लाभ कोणता? लॉर्ड लिनलिथगो ह्यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी आयोगाने १९२८ च्या अहवालात ह्याच्याशी निगडित असलेले दुष्टचक्र दाखविले होते. जनावरांची स्थिती जितकी निकृष्ट, तितकी ती अधिक संख्येने ठेवण्याकडे कल, आणि संख्या जितकी अधिक तितकी स्थिती निकृष्ट, असे ते चक्र होय. पुढे १९६४ मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर ह्यांनी गोसंवर्धनातील संख्येचा प्रश्न मांडला. निरुपयोगी जनावरांची संख्या आवरल्याखेरीज उपयुक्त जनावरांची सुधारणा होणार नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

आक्षेपाचे उत्तर त्या दुष्टचक्राच्या कारणातच आहे. शेतकरी अधिक जनावरे ठेवतो, कारण त्यातील किती जगतील ह्याची त्याला खात्री नसते. उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरून हिशेब करता येईल. एका गावात शंभर गायी असून त्यांपैकी वर्षाला ऐंशी वितात आणि चाळीस कालवडी जन्मतात असे मानू. पैकी चौथा हिस्सा पहिल्या वेतापूर्वी मेल्यास तीस कालवडी उरतील. वर्षाला आठ गायी मरत असतील आणि बारा वयोमानाने कळपातून काढाव्या लागत असतील, तर वीस कालवडी केवळ जागा भरण्यात जातील. विक्रीसाठी किंवा निवडीसाठी दहाच उरतील. आता कालवडींची मरतूक अष्टमांशावर आणि गायींचे मृत्यू चारवर आले असे समजू. पस्तीस कालवडी वाढतील, सोळा जागा भरतील आणि एकोणीस शिल्लक राहतील. गायींची संख्या शंभरच, परंतु शिल्लक जवळजवळ दुप्पट.

ही शिल्लक विकावी, की आरंभापासून कमी कालवडी वाढवून तेवढी वैरण दुभत्या गायीला घालावी, हे शेतकऱ्याने ठरवावे. दोन्ही मार्गांनी त्याचा लाभच होतो. उलट दोन वर्षांची होऊन मेलेली कालवड दोन वर्षांचा कडबा खाऊन एक थेंबही दूध न देता जाते. मृत्यूने वैरणीची बचत होते ही समजूत म्हणूनच फसवी आहे. शिवाय दुष्काळ व रोग हे निवड करीत नाहीत. उपाशी गोठ्यात भाकड म्हातारीच्या आधी गाभण कालवडही जाऊ शकते. संख्या आवरण्याचे काम मृत्यूवर सोपविणे म्हणजे निवडीचा अधिकार शेतकऱ्याकडून काढून घेणे होय. मात्र हे उत्तर पूर्ण होण्यास एक अट आहे : शिल्लक जनावराला बाजार असला पाहिजे. तो बाजार आकसल्यास दांडेकरांचा प्रश्न पुन्हा पुढे येतो. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदीचा विस्तार बैल व वळू ह्यांपर्यंत झाल्यानंतरच्या परिस्थितीचा अभ्यास ह्या दृष्टीने होणे अगत्याचे आहे.

७. संकरित गाय आणि मरतुकीचे नवे स्वरूप

१९६७ मध्ये मणिभाई देसाई ह्यांनी उरुळी कांचन येथे स्थापिलेल्या बायफ संस्थेने आणि १९७० पासूनच्या दूधमहापूर योजनेने महाराष्ट्रात संकरित गायींच्या प्रसाराला गती दिली. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यासारख्या पश्चिमेकडील भागात, शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या सान्निध्यामुळे, हा धंदा विशेष रुजला. गायीचे स्थान आता बैलाची माता असे राहिले नाही. दहा दिवसांनी हाती येणाऱ्या दुधाच्या पगाराचा ती आधार झाली.

त्याबरोबर मृत्यूचे स्वरूपही पालटले. साथीने गाव ओस पडण्याचे दिवस गेले. त्यांच्या जागी गोठ्यागोठ्यांतून विखुरलेले मृत्यू आले. गोचीडताप, कासदाह, विताना आलेली अडचण, वार अडकणे, व्याल्यानंतरचा दुग्धज्वर, पोटफुगी, अवर्षणात खुरटलेली कोवळी ज्वारी खाल्ल्याने किराळ लागणे आणि पहिल्या तासांत चीक न मिळालेल्या वासरांची हगवण ही त्यांची कारणे होत. ह्यांपैकी बहुतेकांवर उपाय ज्ञात आहेत आणि ते महागही नाहीत. परंतु अशा मृत्यूची बातमी होत नाही आणि पंचनामाही होत नाही. दोन गायींच्या गोठ्यातील एक गाय तिसऱ्या वेतात मेली तर त्या कुटुंबाचे निम्मे दुधाचे उत्पन्न जाते. तीन वर्षे वाढवून तिच्यावर केलेला खर्च फेडण्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू झालेला असतो.

२०२२ मधील लम्पी त्वचारोगाच्या साथीने हा भेद स्पष्ट केला. भारतात २०१९ मध्ये प्रथम आढळलेला हा रोग २०२२ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर पसरला. गुरांचे बाजार बंद करण्यात आले, शेळ्यांच्या देवीवरील लस सर्वत्र टोचण्यात आली, आणि दुभत्या गायीमागे ३०,०००, बैलामागे २५,००० व वासरामागे १६,००० रुपये साहाय्य ठरविण्यात आले. शासनयंत्रणा हलली ती उचितच होय. पण त्याच वर्षी गोचीडतापाने किंवा विताना मेलेल्या गायीचा मालक, विमा उतरविलेला नसल्यास, ह्या साहाय्याला पात्र नव्हता. सार्वजनिक खर्च सामुदायिक मृत्यूकडे वळतो आणि नित्याचा मृत्यू खाजगी दुर्दैव ठरतो, ही साथीच्या काळापासून चालत आलेली विभागणी आजही कायम आहे.

८. स्थलांतर आणि गोठा

बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा एक कोयता राबतो. बैलगाडी असलेल्यांचे बैल बरोबर जातात व उसाच्या वाढ्यांवर जगतात. गाय मात्र बहुधा घरी म्हाताऱ्या माणसांच्या व मुलांच्या हवाली राहते. ह्या पाच-सहा महिन्यांत गायीचा ताप ओळखणे, वेळीच डॉक्टर आणणे आणि औषधाचा खर्च करण्याचा निर्णय घेणे ह्या तिन्ही गोष्टी अवघड होतात. मरतुकीचे एक कारण असे श्रमबाजारात आहे; ते केवळ पशुवैद्यकाच्या कक्षेत मावत नाही. गाय मेली तर पुढच्या हंगामाची उचल वाढते आणि उचल वाढली की पुन्हा गोठा पोरका होतो. म्हणून अशा कुटुंबात जगलेली गाय ही स्थलांतराची सक्ती काही अंशी सैल करणारी मालमत्ता ठरते.

९. उपसंहार

गेल्या दीडशे वर्षांत ह्या जिल्ह्यातील गायींच्या मृत्यूची तीन रूपे दिसतात : साथ, दुष्काळ आणि नित्याची मरतूक. पहिल्यावर विज्ञान व शासन ह्यांनी मोठा विजय मिळविला. दुसऱ्यावर छावण्यांच्या द्वारे अंशतः उपाय झाला. तिसरे अद्याप हिशेबात आलेले नाही. ते हिशेबात न येण्याचे मुख्य कारण नोंदीचा अभाव हे होय. पशुगणना जिवंत जनावरे मोजते. दोन गणनांच्या मध्ये जन्मून मेलेले वासरू कोणत्याच तक्त्यात दिसत नाही.

ही उणीव भरून काढण्याचे साधन आता उपलब्ध आहे. जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला घालून त्याची नोंद करण्याची पद्धत देशभर सुरू झाली असून, १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीस मनाई करण्यात आली. लसीकरण व विक्री ह्यांबरोबर मृत्यूचे वय, वेत आणि कारण ह्यांचीही नोंद त्याच क्रमांकावर नियमाने झाली, तर कोणत्या तालुक्यात, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या कारणाने गायी मरतात हे प्रथमच कळू शकेल. त्या नोंदीवरून लस, चाऱ्याची पेढी, विमा आणि ऊसतोडणीच्या हंगामातील फिरते पशुवैद्यक पथक ह्यांपैकी कोणत्या उपायावर केलेला रुपया अधिक फलदायी ठरेल, हे ठरविता येईल. बीड जिल्ह्याच्या एखाद्या तालुक्यापुरती अशी पाहणी करणे हे पदव्युत्तर संशोधनाच्या आवाक्यातील काम आहे. दुष्काळाच्या पुढील आवर्तनापूर्वी ते हाती घेतले गेल्यास छावणी केव्हा उघडावी आणि कोणत्या जनावरांना प्रथम घ्यावे, ह्याचा निर्णय अनुमानावर न राहता नोंदीवर घेता येईल.